धाप लागते ती कशानं?

आम्ही बचत गटाच्या बाया. बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की तब्येतीच्या गोष्टी निघतात. "चार पायऱ्या चढले की धाप लागते," असं एखादी म्हणते. लगेच दुसरी म्हणते, "खाणं कमी कर!" सगळ्या हसतात आणि ती गप्प होते. पुढं ती त्रास सांगतच नाही. म्हणून आज धापेबद्दल बोलूया.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो, श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुफ्फुसांना फुगायला जागा मिळते. पोटात चरबी साठली की ती पडद्याला वर रेटते. मग फुफ्फुसं चांगली असूनही श्वास उथळ होतो. उताणं झोपल्यावर तर जास्तच जड वाटतं. गळ्याभोवती चरबी असेल तर झोपेत श्वासाची वाट अडते. मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं ही त्याची लक्षणं. पाळी गेल्यावर हा धोका वाढतो.

शिलाईची टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या पुढं गेलं तर सावध व्हा.

पण प्रत्येक धाप चरबीचीच नसते. रक्त कमी असणं, दमा, हृदयाचा आजार, चुलीचा धूर यांनीही दम लागतो. अंगानं भरलेल्या बाईलाही रक्त कमी असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ जणींना रक्तक्षय आढळला. तेव्हा दवाखान्यात नुसतं "वजन उतरवा" म्हटलं, तर विचारा, "हिमोग्लोबिन तपासायचं का? फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी करायची का?" बसल्याजागी दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबू नका, १०८ला फोन करा.

वजन उतरवायला उपास नकोत. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवतो, ते आधी थांबवूया. भाजीचं तेल मोजून घालूया. डॉक्टरांना विचारून, बोलता येईल इतक्या वेगानं रोज चालूया. ऐंशी किलोतले चार-पाच किलो उतरले तरी श्वासाला मोकळीक मिळू लागते.

आणि पुढच्या बैठकीत कुणी धाप लागते म्हणाली, तर हसू नका. तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, ते तिथंच ठरवा.