नोकरी सांभाळून पदवी : विषय कोणता घ्यावा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर आपण दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो. त्यांच्या आई-वडिलांपैकी काही जण मात्र कार्यक्रम संपल्यावर हळूच विचारतात, "आमच्या वयाला आता पदवी करता येईल का? आणि करायची तर कशात?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे, करता येईल. दुसऱ्यासाठी आज मी उभा आहे. माझी नोकरी कारखान्याच्या कार्मिक विभागात गेली. बढतीच्या फायली माझ्या टेबलावरून जात. त्यामुळे पदवीचा कागद फायलीत लागल्यावर त्याचे पुढे काय होते, तेवढेच मी सांगू शकतो.

बाहेरून शिकणे या गावाला नवे नाही. म्हैसूर विद्यापीठाने १९६९ साली पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली आणि १९९६ साली तिचेच कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ झाले. आपल्याकडे नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे. मराठीतून शिकता येईल म्हणून अनेकांचा ओढा तिकडे असतो. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवता येत नाही. म्हणून इथे राहणाऱ्याला दारे तीन : राज्य मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि सायंकाळची महाविद्यालये. माध्यमाचा विचार इथेच करावा. ज्यांचे शिक्षण इथल्या कन्नड शाळेत झाले त्यांना कन्नडची सोय आहे. सांगली-साताऱ्याकडून नोकरी-धंद्यासाठी आलेल्यांना मात्र इंग्रजीशी किंवा इग्नूच्या काही अभ्यासक्रमांत हिंदीशी जुळवून घ्यावे लागेल.

आता मुद्द्याचे. बहुतेक लोक माहितीपुस्तिका उघडतात, विषयांची यादी वाचतात आणि त्यातला चांगला वाटणारा विषय निवडतात. मी म्हणतो, पुस्तिका बाजूला ठेवा आणि आधी आपल्या कार्यालयाची भरती-बढतीची नियमावली मागून घ्या. तुमच्या वरच्या जागेसमोर काय लिहिले आहे? 'कोणत्याही शाखेची पदवी' असेल तर तुम्ही मोकळे आहात, जो विषय झेपेल तो घ्या. 'संबंधित विषयातील पदवी' असेल तर 'संबंधित' म्हणजे काय, हे कार्मिक विभागाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर तीन वर्षे घालवू नका. उत्तर देणारा साहेब तोपर्यंत बदलून गेलेला असतो. आणि काही जागांसमोर असेही लिहिलेले असते की पदवी नियमित वर्गात बसून घेतलेलीच हवी. हे वाक्य तिसऱ्या वर्षाला सापडण्यापेक्षा पहिल्या दिवशी सापडलेले बरे.

दुसरी तपासणी मान्यतेची. याचे उदाहरण आपल्याच गावात घडले. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले की राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर नाही. राज्याबाहेरची केंद्रे आणि खासगी संस्थांच्या भागीदारीत चालवलेले तांत्रिक अभ्यासक्रम हे त्यामागचे मोठे कारण होते. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनी फी भरली होती, परीक्षा दिल्या होत्या, आणि त्यांची प्रमाणपत्रे टांगणीला लागली. २०१८-१९ पासून मान्यता परत मिळाली. विद्यापीठाला नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. आज तिथे खुशाल प्रवेश घ्या. पण ज्या विद्यापीठात, ज्या अभ्यासक्रमाला, ज्या वर्षी प्रवेश घेताय, त्या तिन्ही गोष्टी आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत स्वतः पाहा. एजंटाने छापलेल्या रंगीत कागदावर नको.

आता विषय. कारखान्यातल्या डिप्लोमावाल्या मित्रांना पहिल्यांदा सांगतो, कारण फसगत तिथेच जास्त होते. बी.टेक. घरबसल्या होत नाही. ओरिसाच्या लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या, आणि त्याआधीच्या २००१ ते २००५ मधल्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले. त्यात नोकरी करणारी माणसे होती, बढती घेऊन बसलेली होती. ए.एम.आय.ई.चा जुना रस्ताही ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरताच पदवीच्या बरोबरीचा राहिला. मग उरते काय? डिप्लोमाच्या जोरावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि २०२३ पासून तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतल्या तुकड्यांना दिलेली परवानगी. जवळपासच्या कोणत्या महाविद्यालयात अशी तुकडी आहे, हे प्रत्यक्ष जाऊन विचारायचे. नुसते 'पदवीधर' म्हणवून घेण्यासाठी बी.ए. केले तर तांत्रिक जागेच्या फायलीत त्याचा उपयोग बहुधा शून्य. पाळीप्रमुखाची नोकरी सोडून कार्यालयात यायचे असेल तर गोष्ट वेगळी.

लेखा विभागात किंवा बँकेत असाल तर बी.कॉम. दिवसभर हाताखालून जाते तेच पुस्तकात येते, त्यामुळे निम्मा अभ्यास आधीच झालेला असतो. शिवाय कॉस्ट अकाउंटन्सीसाठी पदवीधराला प्राथमिक परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमीजिएटला बसता येते. पेढी-दुकान सांभाळणाऱ्यांनाही मी बी.कॉम.च सुचवीन. पंधरा वर्षे गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला बी.बी.ए.चे पुस्तक व्यवस्थापन काय शिकवणार? कर आणि हिशेब मात्र त्याला लागतोच.

इन्फोसिसचे आवार रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे बी.सी.ए.चा मोह फार. कामात आधीपासून संगणकाचा संबंध असेल तर जरूर करा. नसेल, आणि वय चाळीसच्या घरात असेल, तर नुसत्या पदवीवर ते दार उघडेल असे मला वाटत नाही.

भगिनींपैकी ज्यांना शिक्षिका व्हायचे आहे त्यांनी बी.एड.कडे पाहून बी.ए.चे विषय निवडावेत. शाळेत शिकवला जाणारा विषय हवा आणि साधारणपणे ५० टक्के गुण हवेत. मानसशास्त्र किंवा आहारशास्त्र घरी बसून करू, असे कोणाच्या मनात असेल तर थांबा. सी.एफ.टी.आर.आय.च्या या गावात आहारशास्त्राची आवड असणे साहजिक आहे. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने आरोग्याशी संबंधित हे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून बंद केले आहेत. आता ते वर्गात बसूनच करायचे.

शेवटी वेळेचा हिशेब, कारण उत्साह गणपतीत असतो आणि परीक्षा नंतर येते. इग्नूच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली तर ३,६०० तास झाले. तीन वर्षांत संपवायचे म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तास. पाळीची ड्यूटी करणाऱ्याला हे जमणार नाही, उगाच मान डोलवू नका! पण इग्नूत बी.ए., बी.कॉम.ला सहा वर्षांची मुदत मिळते. सहा वर्षांत तेच काम आठवड्याला साडेअकरा तासांवर येते, म्हणजे रोज दीड तास आणि रविवारी थोडे जास्त. त्यातही घरच्या अभ्यासाच्या स्वाध्यायांना ३० टक्के गुण असतात. ते वेळेवर दिले तर परीक्षेचे ओझे हलके होते. आणि हा वेळ कोणाच्या वाट्यातून निघणार आहे, हे अर्ज भरण्यापूर्वी घरात बोलून घ्या.

जानेवारीच्या सत्राला अजून अवकाश आहे. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. येताना आपल्या बढतीच्या नियमांची प्रत, बारावीची किंवा डिप्लोमाची गुणपत्रिका आणि आधार कार्ड आणा. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता आयोगाचा डी.ई.बी. क्रमांक लागतो, तोही तिथेच काढून देऊ.