मटण घेताना

रविवारची सकाळ, हातात पिशवी आणि खाटकाच्या दुकानापुढची रांग. ओळखीच्या खाटकाला नुसतं ‘रश्शाचं द्या’ म्हटलं, की तो सीना, खांदा आणि दोन नळ्या काढून देतो, सुक्यासाठी रानाचं. सुपरमार्केटच्या बंद पाकिटात ही निवड आपल्या हाती उरत नाही. मात्र त्यावर पॅकिंगची तारीख, वजन आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक वाचता येतो. दुकानात मग काय पाहावं? मटणावर कत्तलखान्याचा शिक्का, स्वच्छ ओंडका आणि धुतलेला सुरा. गोठवलेलं मांस उणे १८ अंशांवर ठेवतात; घरी बाहेर ठेवून वितळलेलं पुन्हा गोठवू नये. आणि मटण कुठूनही आणा, दोन तासांच्या आत एकतर फ्रीजमध्ये, नाहीतर चुलीवर!