तांड्याचे गाणे आणि शहराचा रंगमंच
(व्याख्यानाचा मजकूर)



स्थलांतरित माणूस शहरात येताना काय घेऊन येतो, या प्रश्नाला अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके एकच उत्तर देतात: श्रमशक्ती. ते खरे आहे, पण अपुरे आहे. तो आपले गाणेही घेऊन येतो. श्रमशक्तीची किंमत कोण ठरवतो यावर कामगार चळवळीने पुष्कळ विचार केला. गाण्याचे काय होते, ते कोणाच्या तोंडी जाते आणि त्याचा मोबदला कोणाच्या खिशात पडतो, यावर मात्र फारच थोडा. बंगळूरसारख्या शहरात हा प्रश्न आज टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

विषयाची सुरुवात मात्र बंगळूरपासून दूर, न्यूयॉर्कमध्ये करावी लागेल. १९९९ साली तेथे ‘गोगोल बोर्डेलो’ नावाचा एक वाद्यवृंद उभा राहिला. त्याचा प्रमुख यूजीन हुट्झ हा युक्रेनमधील कीवजवळच्या बोयार्का गावचा. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर त्याच्या कुटुंबाला घर सोडावे लागले. पुढे पोलंड, हंगेरी, ऑस्ट्रिया, इटली अशी निर्वासितांची वाट तुडवीत ते अमेरिकेत पोहोचले. त्याच्या आईकडच्या घराण्यात रोमा रक्त आहे. सोबतीला मिळाला तो रशियातून आलेला, रंगभूमीवर काम केलेला व्हायोलिनवादक सर्गेई र्‍याब्त्सेव्ह. सखालीन बेटावरचा अकॉर्डियनवादक. पुढे इथिओपियाचा बासवादक आणि इक्वेडोरचा तालवादक. थोडक्यात, जगाच्या निरनिराळ्या कोपर्‍यांतून उखडली गेलेली माणसे. त्यांनी रोमा लोकांच्या लग्नकार्यात वाजणारे व्हायोलिन आणि पंक रॉकचा कर्कश गिटार एकत्र आणला. २००५ साली निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातच ‘जिप्सी पंक’ हे शब्द आहेत.

पंक म्हणजे निव्वळ गोंगाट, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. १९७६-७७ च्या ब्रिटनमध्ये बेकारी वाढत असताना, तीन सूर येणार्‍या कोणत्याही पोराने गिटार उचलावी, मोठ्या कंपन्यांच्या परवानगीची वाट पाहू नये, ही त्या संगीताची मूळ भूमिका होती. त्याच काळात गोर्‍या वंशवादी संघटनांविरुद्ध ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही मोहीम उभी राहिली आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो तरुण तिच्या झेंड्याखाली जमले. कंपन्यांनी लवकरच पंकलाही फाटक्या कपड्यांची फॅशन करून दुकानात टांगले, ही गोष्ट वेगळी.

आणि रोमा? युरोपात ज्यांना तुच्छतेने ‘जिप्सी’ म्हटले गेले, ते लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघालेले आहेत, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. १७८०च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या बोलीची भारतीय भाषांशी तुलना करून हा निष्कर्ष काढला. मराठी माणसाला यासाठी शब्दकोश उघडण्याची गरज नाही. रोमा भाषेत पाण्याला ‘पानी’, आगीला ‘याग’, कानाला ‘कन’, माणसाला ‘मनुश’ आणि मिठाला ‘लोन’ म्हणतात. आकडे मोजताना येख, दुय, त्रिन, श्तार, पांज अशी सुरुवात होते. सात, आठ आणि नऊ हे आकडे मात्र ग्रीक आहेत आणि दहा पुन्हा ‘देश’. या पूर्वजांचा तांडा ग्रीकभाषक मुलुखात किती काळ रखडला असेल, याची साक्ष त्या तीन आकड्यांत आहे. ‘रोम’ हा शब्द संस्कृत ‘डोम्ब’ शब्दापासून आला, असे विद्वान मानतात. गावाच्या वेशीवर दोरीवर चालणारा डोंबारी ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाते वेगळे समजावून द्यायला नको.

तरीही एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आपल्या देशात बंजारा आणि रोमा हे एकाच आईची लेकरे आहेत, असे व्यासपीठावरून वारंवार सांगितले जाते. १९७६ आणि १९८३ साली चंदीगडला रोमा महोत्सव भरले, तेव्हापासून ही कल्पना अधिकच रुजली. लमाणांची गोरबोली राजस्थानी भाषांच्या कुळातली आहे. रोमा भाषेचा इतिहास त्याहून निराळा आणि जुना आहे. रक्ताचे नाते सिद्ध झालेले नाही. सिद्ध झालेले नाते आहे ते कायद्याचे.

मोल्डाविया आणि वालाचिया या संस्थानांत रोमा १८५५-५६ पर्यंत गुलाम होते. मठ, सरदार आणि राज्यसंस्था हे तिघेही त्यांचे मालक होते. नाझी राजवटीने काही लाख रोमांची कत्तल केली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झमधील त्यांची संपूर्ण छावणीच विषारी वायूच्या कोठड्यांत संपवण्यात आली. इकडे १८७१ साली ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणारा लमाण रेल्वे आल्यावर बेकार झाला होता. ज्याचा धंदा बुडवला, त्यालाच जन्मजात गुन्हेगार ठरवण्यात आले. येथे एक तपशील विसरता कामा नये. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या आणि त्यांतील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली गेली. म्हणजे भटक्याला स्थिर करण्याची ही तथाकथित सुधारणा गिरणीमालकांच्या हिशेबात चोख बसत होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांच्या नावाने केलेले राज्यांचे कायदे त्याच्या जागी आले: मुंबई राज्याचा १९५९ चा, कर्नाटकाचा १९६१ चा. पोलिसांची नजर बदलली नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ज्यांनी वाचले आहे, त्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

आता बंगळूर. १८०९ साली वसलेली इंग्रजांची छावणी आणि जुनी पेठ ही दोन वेगळी शहरे होती. त्यांची एक महानगरपालिका झाली ती १९४९ साली. रॉक संगीत आले ते छावणीच्या बाजूने, इंग्रजी क्लबांतून आणि अँग्लो-इंडियन वस्त्यांतून. पुढे पॅलेस ग्राउंड्सवर २००७ साली आयर्न मेडन आणि २०११ साली मेटॅलिका येऊन गाऊन गेले. पेठेच्या बाजूला भजने, लावण्या आणि तत्त्वपदे होती. या दोन बाजूंमधली भिंत फोडली ती तरुण वाद्यवृंदांनी. त्यांपैकी ‘रघु दीक्षित प्रोजेक्ट’चे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल, कारण या गायकाचा जन्म १९७४ साली नाशिकला झाला. तो वाढला म्हैसूरला. कन्नड लोकसंगीत आणि गिटार यांचे हे मिश्रण मुद्रित करायला कंपन्या वर्षानुवर्षे तयार नव्हत्या; पहिली ध्वनिमुद्रिका निघाली ती २००८ साली. तिच्यात शिशुनाळ शरीफांची पदे आहेत. हे शरीफसाहेब (१८१९-१८८९) आजच्या हावेरी जिल्ह्यातील; जन्माने मुसलमान, गुरू ब्राह्मण गोविंदभट्ट. घराच्या गळक्या छपराचे रूपक करून सांगणारी त्यांची वाणी ज्यांना तुकोबांचे अभंग ऐकण्याची सवय आहे त्यांना परकी वाटणार नाही. सी. अश्वथ यांनी ही पदे कर्नाटकात घरोघरी नेली होती. विजेच्या गिटारीने ती अशा पिढीपर्यंत नेली, जिला शिशुनाळ हे गाव नकाशावर दाखवता आले नसते. म्हैसूरहून आलेल्या ‘स्वरात्मा’ या वाद्यवृंदाने तर कावेरीच्या पाण्याच्या भांडणावरच गाणे केले. ज्या शहरात या प्रश्नावरून बसगाड्या जाळल्या जातात, तेथे हे धाडसच होय.

लोककलेत बाहेरचे सूर मिसळले की ती भ्रष्ट होते, असा गळा काढणार्‍यांनी मराठी रंगभूमीचा जन्म आठवावा. कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भाव्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. म्हणजे ज्या नाटकाचा आपल्याला एवढा अभिमान, त्याच्या मुळाशी एक परप्रांतीय फिरती मंडळी आहे. वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईला आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातली गण-गवळण बाजूला सारली आणि गिरणी कामगाराला मंचावर उभे केले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने जे केले, ते रूप आणि आशय या दोन्ही बाबतींत मिश्रणच होते.

पण अण्णाभाऊंचा प्रेक्षक आणि अण्णाभाऊ एकाच चाळीतले होते. फरक आहे तो येथे. गोगोल बोर्डेलोबाबत रोमा कार्यकर्त्यांना खुपते ते गिटार नव्हे. ‘जिप्सी’ हा शब्द आणि त्याला चिकटलेले बेछूट, दारूबाज भटक्याचे चित्र त्यांना खुपते. हुट्झ स्वतः निर्वासित आहे, युक्रेनवर युद्ध लादले गेल्यावर त्याने मदतीसाठी मैफली केल्या, त्याची बांधिलकी खोटी म्हणता येणार नाही. तरीही रंगमंचावरचे चित्र प्रेक्षक घरी नेतो, कार्यकर्त्याचा खुलासा नेत नाही. बंगळूरचे वाद्यवृंद या दोषापासून बरेचसे मुक्त आहेत, कारण ते शरीफांचे शब्द घेतात, शरीफांच्या गावच्या माणसाचे सोंग घेत नाहीत. परंतु त्यांच्या मैफलीचे तिकीट कोण काढतो, हे पाहिले पाहिजे.

कारण त्याच शहरात उत्तर कर्नाटकातून, कलबुर्गी, रायचूर, विजयपुराकडून आलेले लमाण बांधकामावर पाट्या वाहत आहेत. बायकांच्या अंगावर आरसे आणि कवड्यांचे भरतकाम असेल तर ते सणावारी. एरवी सिमेंटची धूळ. तांड्यावरची गाणी त्यांच्या ओठांवर आहेत, पण ती ऐकायला कोणी गिटारवाला अद्याप पत्र्याच्या खोपटापर्यंत फारसा गेलेला नाही. हाच लमाण कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतो, महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. एका तांड्यातल्या दोन बहिणी सीमेच्या दोन बाजूंना दिल्या, तर त्यांच्या लेकरांच्या दाखल्यांवर दोन वेगळी नावे लागतात. २०२५ साली महाराष्ट्रात बंजारा समाजाच्या मोर्च्यांनी अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. दोन वंचितांना एकाच भाकरीवर झुंजवण्याची ही जुनी रीत आहे.

बांधकाम कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा केंद्रीय कायदा होता. बांधकाम खर्चावर उपकर बसतो, कल्याण मंडळाकडे निधी जमतो. लाभार्थी म्हणून नोंद होण्यासाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचे दाखवावे लागते. एका ठेकेदाराकडून दुसर्‍याकडे, एका जिल्ह्यातून दुसर्‍या जिल्ह्यात फिरणार्‍या तांड्याच्या माणसाला ते नव्वद दिवस कोण लिहून देणार, हा प्रश्न बंगळूरच्या प्रत्येक अर्धवट इमारतीखाली आज उभा आहे. आणि त्यांपैकी काही इमारतींत उद्या सभागृहे असतील.