उन्हाने जागणारी पांढरी भुकटी

वर्षानुवर्षे उन्हात असलेल्या पांढऱ्या दारावरून हात फिरविला, की बोटांना खडूसारखी भुकटी लागते. रंगारी उन्हाला दोष देतो. पण निम्मा दोष रंगाचाच असतो. त्यातील टिटॅनियम डायऑक्साइड हे शुभ्र द्रव्य उन्हाच्या बळावर, ज्या तेलाने ते दाराला चिकटलेले असते त्या तेलाचेच विघटन करते. स्वतः मात्र ते झिजत नाही. अशा द्रव्यास उत्प्रेरक म्हणतात. हा उत्प्रेरक प्रकाशाने जागा होणारा आहे.

या अवगुणाचा गुण झाला तो जपानात. टोकियो विद्यापीठात होंडा केनइची यांच्या हाताखाली संशोधन करणारे फुजिशिमा अकिरा यांनी १९६७ पासून या द्रव्याचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश पाडून पाहिला. तारेने प्लॅटिनम जोडलेले होते. बाहेरून वीज न देताही स्फटिकापाशी ऑक्सिजन व प्लॅटिनमपाशी हायड्रोजन निघू लागला. प्रकाशाच्या आघाताने स्फटिकातील इलेक्ट्रॉन जागचा उठतो. मागे राहिलेली रिकामी जागा पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि पाणी दुभंगते. १९७२ साली हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जगात तेलाची टंचाई झाली, आणि उन्हापाण्यातून इंधन मिळण्याची आशा सर्वत्र पसरली.

ती आशा लवकर फळाला आली नाही. हे द्रव्य केवळ अतिनील किरणांना दाद देते, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा सुमारे ५ टक्केच. शिवाय उठलेले बरेचसे इलेक्ट्रॉन काम न करताच आपल्या जागी परततात.

तथापि जे इंधनासाठी अपुरे, ते सफाईसाठी पुरेसे ठरले. भिंतीवरील काजळीचा पातळ थर जाळावयास थोडे ऊन पुरते. रोम येथे २००३ साली पूर्ण झालेल्या, वास्तुशिल्पी रिचर्ड मायर यांच्या जुबिली चर्चच्या शुभ्र भिंतींच्या सिमेंटमध्ये हेच द्रव्य मिसळलेले आहे. गढूळ सांडपाण्यात मात्र त्याची मात्रा चालत नाही, कारण तेथे प्रकाशच खोलवर शिरत नाही.

इंधनाचा शोधही थांबलेला नाही. जपानी संशोधकांनी स्ट्राँशियम टिटॅनेट या दुसऱ्या द्रव्याचे १०० चौरस मीटर फलक उघड्यावर मांडून हायड्रोजन मिळविला. २०२१ साली त्यांनी जाहीर केलेले यश होते, उन्हातील ऊर्जेच्या फार तर ०.७६ टक्के. छपरावरील सौर फलक सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करतात, हे ध्यानात घेतले म्हणजे पल्ला किती लांबचा आहे ते कळते.

तेव्हा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही जागे होईल, पाण्यात टिकेल आणि स्वस्त पडेल असे द्रव्य हवे आहे. ते हाती येईपर्यंत धुराड्याचा धूर धुराड्यापाशी आणि कारखान्याची घाण कारखान्यातच अडविली पाहिजे. भिंत काजळी पुसते, म्हणून काजळी ओकण्याची मोकळीक कोणासही मिळत नाही.