रिपोर्टवरचा एक आकडा आणि आपली भीती

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आपण रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलू.

शिबिर झालं की रिपोर्टचा कागद घरी येतो. एखादा आकडा ठळक असतो, शेजारी 'एच' किंवा 'एल' असतं. 'एच' म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, 'एल' म्हणजे कमी. एवढ्यावरून घरात रडारड नको, आणि कागद डब्याखाली लपवणंही नको.

नेहमीची मर्यादा ठरते कशी? शंभर निरोगी माणसांतल्या साधारण ९५ जणांचे आकडे जिथे बसतात, ती मर्यादा. म्हणजे पाच निरोगी माणसं तिच्या बाहेरच असतात. आकडा थोडासा इकडेतिकडे असेल तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात, ते यासाठीच.

पण प्रत्येक आकडा थोडासा नसतो. बाईचं हिमोग्लोबिन १२ हवं, गरोदरपणी निदान ११. एरवी ८ च्या खाली आणि गरोदर बाईचं ७ च्या खाली गेलं, तर ती तीव्र रक्तक्षयाची खूण. मग सोयाबीन काढून झाल्यावर जाऊ, असं म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा.

हिमोग्लोबिन कमी म्हणजे फक्त लोह कमी, असंही नाही. गोळ्या नियमित घेऊनही आकडा हलत नसेल तर कारण शोधावं लागतं. पाळीत जास्त रक्त जातं का, पोटात जंत आहेत का, हे बघावं लागतं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल विसरून चालत नाही.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. शिबिरात आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे रक्तात सिकलचा अंश आहे, एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. तिच्या रिपोर्टवर 'एएस' असेल तर वाहक, 'एसएस' असेल तर रुग्ण. पहिल्याच कागदावरून कुणाला आजारी ठरवू नका.

'एएस' बाई शेतात राबते, संसार करते; वाहक आहे म्हणून तिला औषध लागत नाही. 'एसएस' असेल तर सांधे दुखतात, वारंवार ताप येतो, रक्त कमी राहतं. त्यांना भरपूर पाणी आणि नियमित उपचार हवेत. हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. लोहाच्या गोळ्याही मनानं सुरू करू नयेत, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं. साखरेची एचबीएवनसी तपासणीही सिकलसेलमध्ये चुकीचा आकडा दाखवू शकते. म्हणून तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा.

आता लग्नाची गोष्ट. नवरा-बायको दोघंही 'एएस' असतील तर दर बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. पहिलं लेकरू धडधाकट निघालं म्हणून पुढचा धोका कमी होत नाही. अशा मुलात एक अंश आईचा असतो आणि एक बापाचा. मग 'सुनेनं रोग आणला' असं कुणी म्हणत असेल, तर गटातल्या बायांनी तिथेच तोंड उघडावं. सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी दोघांचे रिपोर्ट बघा. आणि 'एएस' आहे म्हणून पोरीला नाकारू नका. समोरचा 'एए' असेल तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आशाताईंना विचारा. केंद्र सरकारनं २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू केली आहे. पुढे आर्वी आणि हिंगणघाटची उपजिल्हा रुग्णालयं आहेत, वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे.

येत्या बैठकीत हप्ते मोजून झाले की एक काम करा. प्रत्येकीनं आपले जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवायचे. डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न न्यायचे: हा आकडा कशामुळे बदलला? पुन्हा तपासणी केव्हा? घरातल्या आणखी कुणाची करावी? आणि ज्या बाईला एकटीनं जायची भीती वाटते, तिच्यासोबत गटातली एक जण जाईल, हे त्याच बैठकीत ठरवून टाका.