घोड्याचा मुक्काम आणि माणसाची वस्ती

(संघटनेच्या शिबिरात मांडलेल्या भाषणाचा मजकूर. गावबैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



हल्ली साहेब लोक आपल्याला अमेरिकेचा दाखला देतात. तिकडं जंगलं कशी राखलीत बघा, म्हणतात. आत कुणाची वस्ती नाही, लोक नुसते फिरायला येतात. तुम्हीही जागा मोकळी करा, पर्यटन येईल, रोजगार मिळेल. तर आज आपण अमेरिकेतलंच एक जंगल नीट बघू.

साउथ डाकोटा राज्यात ब्लॅक हिल्स, म्हणजे काळे डोंगर आहेत. तिथं सुमारे १२ लाख एकर सरकारी जंगल आहे, त्याला राष्ट्रीय वन म्हणतात. हौशी माणसं मोटारीमागं जोडलेल्या डब्यात आपला घोडा घालून तिथं आणतात. दिवसा डोंगरातल्या वाटांनी रपेट, रात्री तंबू ठोकून जंगलातच मुक्काम. १९८९ साली तिथं १११ मैलांची एक लांब वाट खुली झाली. तिच्यावरून पायी जाता येतं, बहुतेक ठिकाणी घोड्यावरूनही जाता येतं. घोडेवाल्यांच्या मुक्कामासाठी खास जागा आहेत, तिथं घोडे ठेवायला कुंपणाची आवारं आहेत. माथेरानला भाड्याच्या घोड्यावर तासभर फिरतात, तसं हे नाही. इथं घोडा स्वतःचा आणि मुक्काम अनेक दिवसांचा.

या मुक्कामाचे नियम आहेत. घोडा रात्रभर थेट झाडाला बांधायचा नाही, कारण तो खुरानं मुळं उकरतो, दोरी साल कापते. दोन झाडांना रुंद पट्टे लावायचे, त्यांच्यामध्ये उंच दोरी ताणायची आणि तिला घोडा बांधायचा. ओढ्यापासून लांब राहायचं. जाताना लीद पसरून टाकायची, कचरा परत न्यायचा. एका ठिकाणी साधारण १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही.

हे नियम चांगले आहेत. त्या घोडेवाल्यांशी आपलं भांडण नाही. पण यातून एक गोष्ट कळते. जनावर जंगलात गेलं की जंगल मेलं, असं नसतं. तिथं घोडाच काय, मोठमोठ्या मालकांच्या गायीसुद्धा परवाना घेऊन, फी भरून राष्ट्रीय वनात चरतात. १९६० चा त्यांचा कायदा सांगतो की लाकूड, चराई, पाणी, वन्यप्राणी आणि लोकांची करमणूक, हे सगळे जंगलाचे उपयोग आहेत. आपल्याकडं १९२७ च्या कायद्याचं कलम २६ काय सांगतं? राखीव जंगलात गुरं चारणं हा गुन्हा. आपली बकरी आत गेली की कोंडवाडा आणि दंड.

आता दुसरा प्रश्न. ते जंगल रिकामं होतं का?

नव्हतं. ते लाकोटा आदिवासींचं. त्यांच्या भाषेत त्या डोंगरांचं नाव पाहा सापा. ते त्यांचं देवस्थान. घोडा म्हणाल तर तेच घोड्यावरचे लोक. १८६८ साली अमेरिकी सरकारनं त्यांच्याशी लेखी करार केला की हा मुलूख तुमचा. १८७४ साली लष्कराची तुकडी डोंगरात शिरली आणि सोनं असल्याची बातमी फुटली. मग डोंगर लिहून द्या नाहीतर रेशन बंद, असा दम दिला. १८७६ साली लष्करानं त्यांच्यातल्या काही टोळ्यांचे शेकडो घोडे काढून नेले. १८७७ साली कायदा करून डोंगर घेतले, १८९७ साली राखीव जंगल जाहीर केलं. ज्यांचे घोडे काढून नेले त्यांच्याच डोंगरात आज दुसरे लोक घोड्यावरून हौसेनं फिरतात. साहेब सांगतात ती 'कुणी राहत नाही' ही गोष्ट अशी घडली.

लाकोटा गप्प बसले नाहीत. एप्रिल १९८१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी त्याच राष्ट्रीय वनात तंबू ठोकले आणि यलो थंडर कँप नावाची वस्ती बसवली. वनखात्याकडं रीतसर अर्ज केला की ८०० एकर जागेत आम्हाला आमच्या धर्मानं, आमच्या रीतीनं राहू द्या. खात्यानं परवाना नाकारला. खालच्या कोर्टानं १९८५ साली लाकोटांच्या बाजूनं निकाल दिला. वरच्या कोर्टानं १९८८ साली तो फिरवला. तंबू दोघांचेही होते. पण पाहुणा म्हणून १४ दिवस राहता येतं, मूळ मालक म्हणून राहता येत नाही. पर्यटनाच्या नावाखाली आपल्या गळ्यातही हेच पडायचं आहे. जंगलात या, चहाची टपरी लावा, सामान उचला, पण संध्याकाळी बाहेर व्हा.

तरी लाकोटांनी सुप्रीम कोर्टात एक लढाई जिंकली, ती कशी ते लक्षात ठेवा. १८६८ च्या करारात कलम १२ होतं. ही जमीन पुढं कधी द्यायची झाली तर जमातीतल्या चारपैकी तीन प्रौढ पुरुषांच्या सह्या लागतील, असं त्यात लिहिलेलं. १८७६ साली सरकारनं सह्या घेतल्या त्या दहापैकी जेमतेम एकाच्या. त्या कागदाला धरून ते पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडले. १९८० साली सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की मोबदला न देता जमीन घेतली, आणि व्याजासह साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. जमीन मात्र परत दिली नाही. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत. ते गरीब आहेत, तरी घेतले नाहीत. पैसे घेतले की डोंगर विकला असा अर्थ होईल, असं त्यांचं म्हणणं.

यातून आपण तीन कामं ठरवू.

एक, पर्यटनाच्या किंवा जागा बदलून देण्याच्या कागदावर एकट्यानं सही नाही, अंगठा नाही. पोलीस पाटील असो की सरपंच, एकाचा अंगठा म्हणजे गावाचा अंगठा नव्हे. कागद बैठकीत मोठ्यानं वाचायचा. बायांसकट सगळे बसून ठरवतील ते खरं.

दोन, दंडाच्या पावत्या फेकू नका. ती पावती म्हणजे आपण त्या जमिनीवर होतो याचा सरकारनंच दिलेला पुरावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर आढ्याला टांगा.

तीन, चराईचे नियम गावानं स्वतः करावेत. कोणत्या डोंगरावर किती महिने गुरं नाहीत, कुठं रोप राखायचं, टहाळ कसा तोडायचा, हे लिहून काढा. घोडेवाल्याचा नियम चालतो, तर गावाचाही चालला पाहिजे.

पाहुणे येऊ देत. आपण त्यांना भाकरी देऊ, वाट दाखवू. पण घर सोडून नाही.

जिंदाबाद!