शेजारी बसून ऐकताना

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात समता कॉलोनी, रायपूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक सभेतील भाषण)



समितीने मला ‘मुलांच्या आवडीनिवडी आणि घर’ असा विषय दिला आहे. विषय एवढा प्रशस्त आहे, की त्यावर तासभर बोलूनही काहीच न सांगता खाली बसता येईल. म्हणून मी तो माझ्यापुरता आखडून घेते. समता कॉलोनीतल्या आमच्या घरातून 13 वर्षांची मुलगी, 8 वर्षांचा मुलगा आणि त्यांचे 74 वर्षांचे आजोबा, म्हणजे माझे वडील, यांना घेऊन मी मुंबईला रॉक संगीताच्या एका मैफलीला गेले होते. त्या निमित्ताने जे जे विचारात घ्यावे लागले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवते.

ही मैफल 17 मे 2025 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर झाली. गाणारे होते अमेरिकेतले ‘गन्स एन’ रोझेस’. लॉस एंजेलिस शहरात 1985 साली हा समूह उभा राहिला आणि 1987 साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्या संग्रहाचे मूळ मुखपृष्ठ आक्षेपांमुळे बदलावे लागले होते. सभ्य घरांत ज्यांचे नाव काढू नये असे हे गायक. त्यांचे मुख्य गायक आज साठी ओलांडून गेले आहेत आणि त्यांच्या संगीताला ‘क्लासिक’, म्हणजे अभिजात, हे बिरुद लागले आहे. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या भजनाच्या साथीला असणारी पेटी आकाशवाणीने 1940 साली हद्दपार केली होती आणि ती बंदी 1971पर्यंत टिकली, हे आज विद्यार्थ्यांना सांगितले तर खरे वाटणार नाही. कालचा गोंगाट उद्या परंपरा होऊन बसतो. तो कोणता गोंगाट, हे मात्र त्या त्या वेळी कुणालाच ओळखता येत नाही.

माझ्या घरात हे संगीत दादाने आणले. अभियांत्रिकीच्या वसतिगृहातून दिवाळीच्या सुट्टीत येताना त्याने एक कॅसेट आणली होती. मित्राच्या कॅसेटवरून भरून घेतलेली, वर बॉलपेनने नाव लिहिलेली. घरात टेपरेकॉर्डर एकच होता. आईला नाट्यगीते हवी असत, मला लता मंगेशकर, दादाला ही कर्कश गिटार. भांडण अटळ होते. पण त्या भांडणाचा एक परिणाम असा, की आम्हां चौघांनाही एकमेकांची गाणी पाठ झाली. आईला एकही इंग्रजी शब्द न कळता त्या गिटारचे सुरुवातीचे स्वर ती भाजी निवडताना गुणगुणत असे.

आज माझ्या घरात माणसे तितकीच आहेत आणि ऐकण्याची यंत्रे त्याहून जास्त. संध्याकाळी दिवाणखान्यात पूर्ण शांतता असते, कारण प्रत्येकाच्या कानात त्याचे त्याचे गाणे असते. भांडण होत नाही. थोरलीला काय आवडते हे धाकट्याला माहीत नसते, आणि दोघांना काय आवडते हे आम्हांला त्यांच्या वाढदिवसाची भेट घेताना कळते. मुले काय ऐकतात यापेक्षा ती एकटी ऐकतात, याची मला अधिक काळजी वाटते. दादाच्या त्या जुन्या कॅसेटमधले एक गाणे थोरलीने तिच्या फोनवर आपणहून शोधून काढलेले मला दिसले, तेव्हा मुंबईला जायचे मी ठरवले.

आता हा बेत ऐकून आमच्या ओळखीत दोन प्रकारचे उद्गार निघाले. एक, मुलांना असल्या ठिकाणी न्यावे का? दुसरा, आजोबांना कशाला?

पहिला प्रश्न रास्त आहे. या गायकांची सगळी गाणी मुलांपुढे ठेवण्याजोगी नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. आम्ही महिनाभर आधी गाणी घरात मोठ्याने लावून ऐकली. काहींचा अर्थ समजावला, काहींविषयी ‘हे मला पटत नाही, आणि का पटत नाही’ हेही सांगितले. मुलांना त्या निमित्ताने या संगीतातली माणसे भेटली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहणारा फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा तिथेच पियानो शिकला, शालेय मित्रांच्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात वाजवू लागला आणि पुढे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी झाला. सातारा जिल्ह्यातली शाळा आणि लंडनचे वेम्ब्ली मैदान यांच्यामध्ये एक वर्ग आणि एक पियानो होता, ही गोष्ट थोरलीला फार आवडली.

धाकट्याला आवडला तो ‘एसी/डीसी’चा अँगस यंग. हा गृहस्थ सत्तरीच्या घरातही शाळेचा गणवेश घालून रंगमंचावर गिटार वाजवतो. गणवेशाची ही कल्पना त्याच्या बहिणीची, मार्गारेटची. समूह उभा केला अँगस आणि त्याचा भाऊ माल्कम यांनी, आणि समूहाचे नावही बहिणीच्याच शिलाई यंत्रावरून आले. ‘म्हणजे सगळे ताईनेच केले,’ असे थोरलीने लगेच जाहीर केले. भावंडांनी एका घरात ऐकलेले पुढे जगाने ऐकावे, हे आपल्याला नवीन नाही. दीनानाथांच्या घरातली पाच भावंडे आपल्यासमोर आहेत.

दुसरा प्रश्न आजोबांचा. माझ्या वडिलांनी 30हून अधिक वर्षे एका कारखान्यात यंत्रांच्या गदारोळात काढली. त्या काळी तिथे कानांना संरक्षण द्यावे असे कुणाला सुचले नाही. निवृत्त झाले तेव्हा त्यांना पाखरांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता; आता श्रवणयंत्राशिवाय समोरच्याचे बोलणे कळत नाही. ‘मला काय ऐकू येणार?’ असे त्यांनीही विचारले. पण मुलांना नेणार म्हटल्यावर तेच सर्वांत आधी तयार झाले, आणि त्यांनी एकच अट घातली. दोन्ही मुलांच्या कानांचा बंदोबस्त मी करीन, तुम्ही मध्ये बोलायचे नाही.

इथे मला थोडे शास्त्र सांगू द्या, कारण हे प्रत्येक पालकाच्या कामाचे आहे. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे 15,000 सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीचे कंपन त्याच मेंदूपर्यंत पोहोचवतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर धोका नाही. लहानांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज 3 डेसिबलने वाढला, की सुरक्षित वेळ निम्मा होतो. थोरलीने हे गणित वहीत मांडले: 83ला 20 तास, 86ला 10, असे करीत करीत 101पाशी येईपर्यंत आठवड्याच्या 40 तासांची 20 मिनिटेही उरत नाहीत. याच संघटनेने 2022 साली मैफलींच्या जागी सरासरी आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ नये असे सुचवले आहे. म्हणजे सूचना पाळली तरी तिथला आवाज उघड्या कानांना तासन्‌तास सोसणारा नव्हे.

आणि हे केवळ श्रोत्यांचे दुखणे नाही. ‘एसी/डीसी’चे गायक ब्रायन जॉन्सन यांना 2016 साली पूर्ण बहिरेपणाच्या भीतीने दौरा सोडावा लागला. ‘द हू’चे पीट टाउनशेंड यांनी आपल्या कानांच्या दुखण्याचा दोष रंगमंचापेक्षा ध्वनिमुद्रण करताना लावलेल्या हेडफोनला दिला आहे. हे वाक्य मी घरी दोनदा वाचून दाखवले. मुले मैफलीत वर्षातून एकदा जातात, हेडफोन रोज लावतात.

वडिलांनी दोन्ही मुलांसाठी डोक्यावरून कानांवर बसणारे इअरमफ आणले. चांगल्या इअरमफने 20 ते 25 डेसिबल आवाज कमी होतो. मग घरात रोज अर्धा तास ते लावून बसण्याची तालीम झाली, कारण नवी वस्तू गर्दीत अंगावर सोसत नाही. मैदानात कुठे उभे राहायचे हेही त्यांनीच ठरवले. मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले, की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणून पुढे घुसायचे नाही, मागे आणि कडेला राहायचे. कारखान्यातला माणूस यंत्राची जागा बघून उभा राहतो, तसे.

प्रवासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. हावडा–मुंबई मार्गावरची गाडी, डोंबिवलीला आत्याकडे मुक्काम, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी. मे महिन्यातला मुंबईचा घाम रायपूरच्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या मुलांना फार जाचला.

दिवे लागले आणि पहिला ठोका पडला, तेव्हा धाकट्याने आजोबांचा हात धरला. आवाज कानांतून आत येण्याआधी छातीत येतो, हे त्याला ठाऊक नव्हते. थोरलीने मात्र थोड्या वेळाने इअरमफ काढून टाकायचा हट्ट धरला. आजूबाजूला तिच्या वयाच्या मुली मोकळ्या कानांनी नाचत होत्या, आणि हिला आपण लहान बाळ दिसतो असे वाटत होते. आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःचे श्रवणयंत्र कानातून काढले, तिच्या तळहातावर ठेवले आणि तिला म्हणाले, ‘हे तू घे, आणि ते मला दे. बदली करू.’ तिने यंत्राकडे पाहिले आणि ते त्यांना परत दिले. त्यानंतर इअरमफ शेवटपर्यंत जागेवर राहिले.

त्यांनी मात्र आपले यंत्र खिशातच ठेवले. आमच्या समोर लोखंडी कठडा होता. त्यावर दोन्ही पंजे टेकवून ते उभे राहिले; ड्रम आणि बासचे कंपन कठड्यातून हातांत येत होते. दादाच्या कॅसेटमधले ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ सुरू झाले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांना सुरावट ऐकू आली की लय हाताला कळली, हे मी विचारले नाही. आई गेल्याला सहा वर्षे झाली होती.

धाकटा त्यानंतर थोड्याच वेळात माझ्या खांद्यावर झोपला. एवढ्या आवाजात मूल झोपते कसे, असे शेजारच्या एका गृहस्थाने विचारले. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर झोपून किती पिढ्या वाढल्या, हे त्यांना सांगायला तेव्हा सवड नव्हती.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे वाटले ते परतीच्या गाडीतले दोन तास. आजोबांनी थोरलीला विचारले, ‘त्या गाण्यात तो एवढा ओरडून काय म्हणत होता?’ रायपुरात वाढणारे मराठी मूल खेळते हिंदीत, फोनवर लिहिते इंग्रजीत. घरातल्या मराठीत त्याला जेवण, अभ्यास आणि झोप एवढ्याच गोष्टी बोलता येतात. प्रेम, विरह, संताप, एकाकीपणा यांच्यासाठी तिला मराठी शब्द कधी लागलेच नव्हते. ती एकेक कल्पना सांगू लागली, अडली, हिंदी शब्द घातला, तो आजोबांनी बदलला. ‘हुरहूर’ हा शब्द तिला त्या दिवशी मिळाला. ऐकू कमी येत असल्याने तिला प्रत्येक वाक्य सावकाश, स्पष्ट आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हणावे लागले. नागपूर येईपर्यंत दोघांचे सहा गाण्यांचे अर्थ लावून झाले होते. धाकटा मध्येच म्हणाला, की आजोबांना आवडलेली गाणीही आता आपण ऐकली पाहिजेत, म्हणजे हिशेब बरोबर होईल. त्यामुळे सध्या आमच्याकडे रविवारी सकाळी कानात काही न घालता एक तास सगळे मिळून ऐकतात. पाळीपाळीने निवड होते. भांडण पुन्हा सुरू झाले आहे.

महोत्सव समितीला माझी दोन कामे सांगायची आहेत आणि मग मी थांबते. सांगता समारंभात ध्वनिक्षेपकांच्या भिंती रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहणार आहेत आणि प्रथेप्रमाणे बालवर्ग अगदी पुढे, त्यांच्या पायाशी बसणार आहे. बालवर्गाला मध्यभागी मागच्या रांगांत बसवावे. मंच थोडा उंच केला, तर त्यांना तिथूनही दिसेल. दुसरे, मिरवणुकीत ढोल-ताशा वाजवणाऱ्या मुलामुलींसाठी कानांत घालायचे बोळे आणावेत. संख्या मोजून मला कळवा. तो खर्च माझ्या वडिलांनी देऊ केला आहे.